बिनसिमचे अप्पा

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीतल्या अप्पांकडे फोन आहे, पण अप्पांना फोन लागत नाही. फोन चांगला आहे, मुलाने वापरून दिलेला. वरच्या कोपऱ्यात मात्र कायम ‘सिम कार्ड नाही’ अशी पाटी. फोनबरोबर आलेली सिम काढायची पिन अप्पांनी देवघरात ठेवली आहे. समईची वात सारायला बरी पडते म्हणे.

अप्पा कंजूष मुळीच नाहीत. गणपतीची वर्गणी पहिली त्यांची, आणि घरी गेलेल्याला चहा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत. त्यांचं वैर फक्त रिचार्जशी.

“महिना किती दिवसांचा?” ते विचारतात.

“तीस, एकतीस.”

“यांचा अठ्ठावीस! म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. अरे, पंचांगातला अधिक माससुद्धा बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एकदा येतो. यांचा दर वर्षी!”

२०२२ साली ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक तरी तीस दिवसांचा प्लॅन ठेवायला लावला, हे मी त्यांच्या कानावर घातलं. “तो ‘निदान एक’ कुठे लपवलाय, तेवढं शोधून दे,” असं म्हणून त्यांनी मला कामाला लावलं.

या वैराला नोकरीची पार्श्वभूमी आहे. अप्पांची हयात टेलिफोन खात्यात, एक्स्चेंजमध्ये गेली. बोलाल तेवढ्याचे पैसे, हा त्यांचा धर्म. ट्रंक कॉलच्या काळात साध्या कॉलला साधा दर आणि ‘लायटनिंग’ला आठपट, पण तेही बोलल्यावर. गप्प बसायचे पैसे सरकारनेसुद्धा घेतले नाहीत, असं ते अभिमानाने सांगतात. घरच्या फोनचं भाडं खात्यात असल्यामुळे त्यांना कधी जाणवलं नसावं.

मग हा माणूस बोलतो कसा? व्हॉट्सॲपवरून, वायफायवर. पण व्हॉट्सॲप उघडायला नंबर लागतो. इथे एक्स्चेंजचा अनुभव कामी आला. मुलाने घरात फायबरचं कनेक्शन घेतलं, त्याबरोबर एक लँडलाइन आली. व्हॉट्सॲपचं धंदेवाल्यांसाठी वेगळं ॲप आहे, ते २०१८ साली आलं, आणि त्याला लँडलाइनचा नंबर चालतो. मेसेजऐवजी फोन येतो आणि यंत्र सहा आकडे बोलून दाखवतं. तो फोन घेताना अप्पा ताठ उभे होते. एकेक आकडा त्यांनी मोठ्याने परत म्हणून दाखवला आणि शेवटी त्या यंत्राला “थँक्यू” म्हणून रिसीव्हर ठेवला.

तेव्हापासून अप्पा कागदोपत्री व्यावसायिक झाले. त्यांना मेसेज केला की आधी आपोआप उत्तर येतं, “संपर्क केल्याबद्दल धन्यवाद. आम्ही लवकरच आपल्याशी बोलू.” कामकाजाची वेळ दहा ते पाच. त्यांच्या मेहुण्यांनी काकूंना खाजगीत विचारलं, “दाजी हल्ली विकतात काय?”

सोसायटीतल्या एका इंजिनिअर मुलाने त्यांचं कौतुक केलं, “अप्पा, तुम्ही तर वायफाय कॉलिंग करता.” अप्पा चिडले. फोनच्या सेटिंगमधलं ते वायफाय कॉलिंग २०१९ च्या डिसेंबरात आपल्याकडे सुरू झालं. त्यात वायफाय आपलं असलं तरी सिम कंपनीचं आणि प्लॅन चालूच हवा. “भिंत आमची, वीज आमची, राउटर आमचा, आणि भाडं त्यांना?” राउटरचं बिल मुलगा भरतो, याची आठवण करून देण्याची हिंमत त्या मुलाला झाली नाही.

घरात सगळं सुरळीत असतं. पंचाईत उंबऱ्याबाहेर. त्यासाठी अप्पांकडे जुनी टेलिफोन डायरी आहे, कडेला अक्षरांच्या पायऱ्या कापलेली. पूर्वी तिच्यात नंबर होते, आता पासवर्ड आहेत. ‘क’खाली कुलकर्णी, पुढे ‘स्वामीसमर्थ, एस कॅपिटल’. ‘ज’खाली जोशी, ‘गणपतीबाप्पा१२३’, आणि त्यावर काट मारून समासात ‘सून आल्यावर बदलला’. सत्यनारायणाला बोलावलं की अप्पा आधी तीर्थ घेतात, मग प्रसाद, मग पासवर्ड. लग्नाला गेले की हॉलचा पासवर्ड वरपक्षाला मिळालाय की वधूपक्षाला, याची चौकशी दारातच होते.

राउटरच्या दोन पट्ट्यांपैकी पाच गिगाहर्ट्झची वेगवान खरी, पण भिंतीला हरते. अडीचच्या आसपासची दमाने पण लांब जाते. हे अप्पांनी चालून चालून पक्कं केलं आहे. त्यामुळे ते फिरायला निघाले की रस्त्याने सरळ जात नाहीत. औषधाच्या दुकानापाशी थबकतात, वाचनालयाच्या पायरीवर टेकतात, सलूनसमोर उगाच आकाश बघतात. काकूंच्या फोनला मात्र पूर्ण रिचार्ज आहे आणि अप्पांसाठीचे सगळे फोन तिथे येतात.

“अप्पा आहेत का?”

“आत्ता नाहीत. सव्वासहाला औषधाच्या दुकानाशी पोचतील, तेव्हा लावा. साडेसहाच्या आत हं, मग दुकानदार त्यांना हलवतो.”

अप्पा म्हणतात, हे ट्रंक बुक केल्यासारखंच आहे. फक्त ऑपरेटरशी लग्न झालंय.

न्यू जर्सीचा पुतण्या आणि समोरच्या विंगमधला मी, दोघांशी बोलायला त्यांना सारखाच खर्च, म्हणजे शून्य. तरी फोन तीन मिनिटांच्या पुढे जात नाही. पुतण्या मुलीच्या शाळेचं रंगात येऊन सांगत असतो, आणि अप्पा मध्येच “थ्री मिनिट्स ओव्हर” म्हणून ठेवून देतात. हाताला वळण पडलंय, त्याला काय करणार?

सर्वांत मोठा प्रसंग रेल्वे स्टेशनवरचा. तिथे रेलटेलचं वायफाय रोज अर्धा तास फुकट असतं, पण आत शिरायला मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. अप्पांच्या मोबाइलवर ओटीपी यायचा तो कुठून? त्यांनी फलाटावरच्या एका कॉलेजकुमाराला गाठलं. “बाळा, तुझ्या नंबरवर आत्ता एक ओटीपी येईल. तेवढा मला सांग.”

ज्या देशात ओटीपी कुणालाही सांगू नका असं गल्लीगल्लीत बजावलं जातं, तिथे हे वाक्य उच्चारणारा पांढऱ्या केसांचा माणूस त्याने पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिला. तो तीन पावलं मागे सरला. दोन बायकांनी पर्सच्या चेन लावल्या. कुणीतरी पोलिसाला बोलावलं. अप्पांनी खात्याचं निवृत्तीचं ओळखपत्र काढलं आणि त्या पोलिसाला ट्रंक कॉलपासून समजावायला सुरुवात केली. लायटनिंगपर्यंत आल्यावर त्याने स्वतःचा नंबर घातला, ओटीपी वाचून दाखवला आणि हात जोडले. अप्पांनी काकूंना लावलं, “गाडी येतेय, ठेवतो.” एकोणतीस मिनिटं वाया गेल्याची हळहळ त्यांना कल्याणपर्यंत पुरली.

असा हा स्वावलंबी गृहस्थ. एका रिचार्जवाचून राहायला त्यांना मुलाचा राउटर, बायकोचा फोन, अर्ध्या सोसायटीचे पासवर्ड आणि एक पोलीस लागतो.

२०२५ च्या नोव्हेंबरात दूरसंचार विभागाचा आदेश आला: फोनमध्ये चालू सिम असेल तरच व्हॉट्सॲपसारखे ॲप चालले पाहिजेत. पेपर घेऊन मी अप्पांकडे गेलो. वाटलं, आता तरी शरण येतील. त्यांनी शांतपणे वाचलं आणि समासात हिशेब मांडला. पोस्टकार्ड पन्नास पैसे. १९९ रुपयांच्या एका रिचार्जात ३९८ पोस्टकार्डं. अठ्ठावीस दिवस रोज चौदा, शिवाय सहा शिल्लक.

“तू पोस्टाकडे जातोस ना? शंभर घेऊन ये.”

“पन्नास रुपये द्या.”

“सुटे नाहीत. यूपीआय करतो.”

“अप्पा, यूपीआयला सिम लागतं.”

“मग तूच कर,” अप्पा म्हणाले, “तुझा तर प्लॅन चालू आहे.”