शिक्का पाहणारे आप्पा

भिवंडीच्या धामणकर नाक्यावरच्या टपरीवर कोणी नवा माणूस ओळख करून द्यायला आणला, तर आप्पा "काय शिकलात?" असं विचारत नाहीत. "कुठून?" एवढंच. उभी हयात मागाच्या कारखान्यात मेहताजी म्हणून गेली. भिवंडीत विणलेलं कोरं कापड बाहेर रंगून, भलत्याच कोणाचा शिक्का लागून दुप्पट भावाने विकलं जाताना त्यांनी पाहिलं. तेव्हापासून त्यांचा भरवसा मालावर नाही, शिक्क्यावर.

दवाखान्यातसुद्धा आधी चष्मा बदलून भिंतीवरची फ्रेम वाचतात, कॉलेजच्या नावाखालून बोट फिरवत. डॉक्टर कानात नळ्या घालून ताटकळतो. नाव पसंत पडलं, तरच शर्टाचं बटण निघतं.

पुतण्याने गावातच केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि पीएच.डी.चा विषय काढला, तेव्हा आप्पांनी कपाळाला हात लावला. "माटुंग्याच्या यूडीसीटीत जा म्हणत होतो!" (१९३३ ची ती संस्था, आता आयसीटी म्हणतात. आप्पांनी ते अजून मंजूर केलेलं नाही.)

पोराने यूजीसीचा नियम समजावला. एम.एस्सी.ला ५५ टक्के हवेत. जून २०२४ पासून, जेआरएफची फेलोशिप नसेल तर नेट परीक्षेला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. कॉलेजच्या नावाला शून्य.

"ते तीस कोणाच्या हातात?"

"प्राध्यापकांच्या."

"म्हणजे माणसांच्या. झालं तर!"

मला विचाराल तर आप्पा अगदीच चुकत नाहीत. नावाला मार्क नसतील, पण नावामागोमाग बाकीचं येतं. बड्या संस्थेतल्या पोराला मास स्पेक्ट्रोमीटर जिना उतरला की मिळतो. इथलं पोर नमुन्याच्या बाटल्या पिशवीत घालून मुंबई गाठतं, पैसे भरतं आणि रिपोर्टची वाट बघतं. शिफारसपत्राखालची सही ओळखीची निघाली, की समोरचा जरा सावरून बसतो, हेही आहेच.

पदवीचं प्रमाणपत्र आलं आणि आप्पांचा नूरच पालटला. वर ठळक 'मुंबई विद्यापीठ'. स्थापना १८५७ ची! संलग्न कॉलेज भिवंडीचं असो की फोर्टातलं, पदवी देणार विद्यापीठच. "विचारलं तर विद्यापीठ सांगायचं. भिवंडीचं नाव काढायचं नाही."

पीएच.डी.च्या मुलाखतीत तेच काढावं लागलं. प्रकल्प डाइंगच्या सांडपाण्यावर. पहिलाच प्रश्न, नमुने कुठले? मग नाले, रंग, कारखाने यांवरच निम्मा वेळ गेला आणि पोराची निवड झाली.

आप्पांनी नाक्यावर पेढे वाटले. शेवटचा पेढा पुतण्याच्या हातावर ठेवता ठेवता विचारलं, "गाइड कसे आहेत?"

"फार मोठा माणूस, आप्पा."

"एम.एस्सी. कुठून?"

"उदगीर."

आप्पांनी पेढा परत खोक्यात ठेवला. "बदलून मिळेल का?"