चाकणकर प्रागमध्ये

भोसरी एमआयडीसीत टूलरूम सांभाळणाऱ्या मित्राला घेऊन प्रागला जाऊ नये. जुन्या टाऊन हॉलवरचं 1410चं खगोलीय घड्याळ बघायला दर तासाला चौकात गर्दी जमते. खिडक्या उघडतात, येशूचे बारा शिष्य फेरी मारतात, सांगाडा घंटा वाजवतो, लोक मोबाइल उंच धरतात. आमचा मित्र मान वर करून विचारतो, "याचा मेंटेनन्स कुणाकडे आहे रे?" 1945च्या मे महिन्यात जर्मनांच्या माऱ्यात ते जबर जखमी झालं होतं, असं कळल्यावर त्याला हायसं वाटलं. "म्हणजे ब्रेकडाऊन यांच्याकडेही होतो!"

1357 साली बांधायला घेतलेल्या चार्ल्स पुलावर मात्र तो हळवा झाला. "काय पूल आहे! एक टेम्पो नाही, एक कंटेनर नाही." (वर गाड्यांना बंदी आहे, हे मी सांगितलं नाही. आनंद घेऊ द्यावा माणसाला.)

मग किल्ल्याची रांग, तिकीट, सेल्फी.

"चाकणलाही आहे की किल्ला," मी म्हटलं. "संग्रामदुर्ग. 1660मध्ये फिरंगोजी नरसाळ्यानं शायिस्तेखानाला जवळपास दोन महिने झुंजवलं. शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवला, तेव्हा कुठं हाती आला."

वर्षानुवर्षं चाकणच्या कंपन्यांत डाय पोचवणारा हा गृहस्थ थबकला. "आपल्या चाकणला? कुठं?"

"गावातच."

"तळेगाव चौकातून जावं लागतं?"

"हो."

"मग राहू दे. त्यापेक्षा प्रागला लवकर पोचतो माणूस."