एक खुर्ची बिअरची

सरकारला जनतेच्या घशाची काळजी नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी ऑक्टोबर २०२३ मधला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक निर्णय आठवावा. राज्यात बिअरचा खप घसरल्याचं सांगितलं गेलं. शुल्क वाढलं, बाटली महागली, गिऱ्हाईक रोडावलं. पावसाने दगा दिला तर पाहणी पथक यायला पिकं वाळून जावी लागतात. खपाने दगा दिला तेव्हा मात्र पाच जणांचा अभ्यासगट तडकाफडकी नेमला गेला. अध्यक्ष विभागाचे अप्पर मुख्य सचिव, सोबत आयुक्तांसह खात्याचेच अधिकारी, आणि एक खुर्ची ऑल इंडिया ब्रुअर्स असोसिएशनच्या प्रतिनिधीला. मुदत एक महिना. आरोग्य खात्याला बोलावणं नव्हतं. बरोबरच आहे, सोयरीक जमवायच्या बैठकीला डॉक्टर कशाला?

कृपा करून याला कुणी धंदा म्हणू नये. उद्योगाचं म्हणणं असं, की बिअरमध्ये अल्कोहोल कमी, पण त्या मानाने शुल्क जास्त. त्यामुळे पिणारा बिअर सोडून कडक मालाकडे वळतो. म्हणजे बिअर स्वस्त करणं हा आरोग्याचाच कार्यक्रम झाला की! पोलिओला दोन थेंब पुरायचे, हा डोस ६५० मिलीचा. मुहूर्तही कसा साधला बघा. याच ऑक्टोबरच्या २ ते ८ तारखांना महाराष्ट्रात दारूबंदी सप्ताह असतो. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी दुकानं बंद, शाळकरी पोरांच्या हाती फलक, प्रभातफेरी, शपथ. ते सगळं यथासांग उरकलं आणि महिना संपायच्या आत खपाची चिंता सुरू झाली.

आम्हा संभाजीनगरकरांना यात नवल वाटत नाही. या शहराला वेरूळ-अजिंठ्याचं प्रवेशद्वार म्हणतात, पण वाळूजच्या बिअर कारखान्यांच्या रस्त्याने गेलात तर राज्याची तहान कुठे भागते ते कळतं. आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. बाटलीबंद स्वरूपात मात्र आमचं जायकवाडी धरण महाराष्ट्रभर पोचलेलं असतं. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. तेव्हाही आमचे बिअरचे कारखाने चालू होते. उद्योगांचा कोटा वेगळा असतो, हे मंत्र्यांनी तेव्हा आम्हाला समजावून सांगितलं. अखेर उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठालाच मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करायला सांगावं लागलं. माणसांना प्यायला पाणी द्या, हे सांगायला न्यायमूर्ती लागले; बिअरचं शुल्क तपासा, हे सांगायला एक संघटना पुरली.

आरोग्य आणि मद्य यांची ही गट्टी आजची नाही, कायद्यातच आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्यात प्रकृती राखण्यासाठी मद्य घेण्याच्या परवान्याची सोय आहे. कागदोपत्री आजही महाराष्ट्रात विनापरवाना घोट घेणं गुन्हा आहे. एक दिवसाचा परवाना देशीला २ रुपये, विदेशीला ५. कधी परमिट रूमच्या गल्ल्यावर जाऊन हा परवाना मागून बघा. मालक आधी तुमच्या बुटांकडे बघतो, मग मिशीकडे, आणि मग हळूच विचारतो, “साहेब, ड्युटीवर आहात का?” परवाना मागणारा माणूस खात्याचाच असणार, अशी त्याची पक्की खात्री असते. बाकी गिऱ्हाइकांचे परवाने महिनाअखेर एका बैठकीत, एकाच पेनाने लिहून होतात. इतकी झटपट आरोग्यसेवा आमच्या सरकारी दवाखान्यातही नाही.

मंत्र्यांनी तर यात जातीने लक्ष घातलं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिरीश महाजन यांनी शहाद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या कार्यक्रमात सल्ला दिला, की दारूचा खप वाढवायचा तर तिला बाईचं नाव द्या; ‘महाराजा’ऐवजी ‘महाराणी’ ठेवा. पुढे त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, विषय संपला. फक्त एक बारीकशी गोष्ट: तेव्हा त्यांच्याकडे वैद्यकीय शिक्षण खातं होतं. जानेवारी २०२२ मध्ये दुसऱ्या सरकारने सुपरमार्केटात वाइन ठेवायचं ठरवलं, तेही शेतकऱ्याच्या कल्याणासाठी. विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ म्हणून बोंब ठोकली. आमचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांनी दुकानं फोडायची भाषा केली. निर्णय कागदावरच राहिला. सरकारं बदलतात, बाटलीवरचं लेबल बदलतं, बूच मात्र त्याच हातांनी उघडतं.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं मानून कुणी खजील होऊ नये. साहेबाच्या देशातही २०१८ मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेने मद्य उद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या ड्रिंकअवेअरला सोबत घेऊन ‘आठवड्यातले काही दिवस कोरडे ठेवा’ अशी मोहीम काढली. संस्थेचे मद्यविषयक सल्लागार सर इयन गिलमोर यांनी तडक सल्लागारपद सोडलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेला ‘रोज एक पेग हृदयाला बरा का’ हे तपासणारा मोठा अभ्यास गुंडाळावा लागला. पैसा मद्य कंपन्यांचा होता आणि तो मागायला अधिकारीच गेले होते. तिथे निदान कुणी राजीनामा देतं, कुणी अभ्यास गुंडाळतं. आपल्याकडे अभ्यासगट वाढतात.

आणि फळंही देतात. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दारू महाग केली. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचं शुल्क निर्मितीमूल्याच्या तिप्पटवरून साडेचारपट, देशीवरही वाढ, शिवाय ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा स्वदेशी प्रकार. वर्षाला १४ हजार कोटींची जादा कमाई अपेक्षित. सरकारी योजनेतून लाडक्या बहिणीच्या खात्यात दीड हजार, आणि वसुली दाजींच्या क्वार्टरमधून. घरातला पैसा घरात. या वाढीतून वगळलं ते वाइनला आणि बिअरला. त्याचा त्या खुर्चीशी संबंध आम्ही जोडत नाही. वकिलाची फी आम्हाला परवडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्येच सांगितलं आहे, की मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. पण संघटनेला कुणी खुर्ची दिलेली नाही. गावातल्या बायांनाही नाही. गावातलं दुकान बंद करायचं तर त्यांनी आधी पाव महिला मतदारांच्या सह्या गोळा करायच्या, सह्यांची पडताळणी सोसायची, मग मतदान. त्यातही दुकान बंद करा म्हणणाऱ्या ‘आडव्या बाटली’ला झालेल्या मतदानातलं नुसतं बहुमत चालत नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. ऊसतोडीला गेलेली, माहेरी बाळंतपणाला गेलेली, मरूनही यादीत राहिलेली, या सगळ्या जणी आपोआप दुकान चालू ठेवणाऱ्या ‘उभ्या बाटली’च्या बाजूने मोजल्या जातात. बिअर स्वस्त करण्याचा विचार व्हायला मात्र एक माणूस आणि एक महिना बस्स.

नियम कडक आहे, पण वाईट नाही. तो फक्त बायांपुरताच का ठेवायचा? हीच अट आमदारकीला लावून बघा. जवळपास सगळं सभागृह आडवं होईल.