बोट कोणाचं?

टचस्क्रीन निवडण्याच्या बैठकीला टचस्क्रीनला हात लावणारा माणूस सोडून सगळे हजर असतात. मालक असतात, आर्किटेक्ट असतात, खरेदी खात्याचे साहेब असतात, विक्रेत्याकडचा टाय लावलेला मुलगा असतो (चेन्नईत, मे महिन्यात, टाय!) आणि सल्लागार म्हणून कोपऱ्यात मी असतो. पुढची आठ-दहा वर्षं ज्याला त्या काचेवर बोटं आपटायची आहेत तो ऑपरेटर अण्णा त्या वेळी तळघरातल्या प्लांट रूममध्ये गळणाऱ्या पंपाखाली बादली सरकवत असतो.

धंदा थोडक्यात सांगतो. २००० साली तरमणीला टायडल पार्क उभा राहिला आणि पुढे जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर काचेच्या इमारतींचं पीक आलं. ज्या गावात अग्निनक्षत्राच्या दिवसांत कावळासुद्धा सावली बघून बसतो, तिथे चहूबाजूंनी काच लावायची आणि आत शिरलेलं ऊन बाहेर काढायला तळघरात चिलर बसवायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याचा मी ऋणी आहे. माझी चूल त्यावर पेटते. चिलर पाणी सात अंशांपर्यंत गार करतात, पंप ते मजल्यामजल्यावर पोचवतात आणि तिथली एएचयू नावाची धुडं त्या गारव्यावरून हवा फुंकतात. या सगळ्यांवर नजर ठेवणारी यंत्रणा म्हणजे बीएमएस, आणि बीएमएसचं तोंड म्हणजे भिंतीवरचं टच पॅनेल.

बैठकीत त्या तोंडाची चर्चा वधूपरीक्षेच्या थाटात चालते. आर्किटेक्टना ते भिंतीत विरघळून गेलेलं हवं असतं. चौकट नको, बटण नको, एक स्क्रू दिसायला नको. मालक म्हणतात, "आमच्या नातवाच्या टॅबसारखं सुळसुळीत पाहिजे." खरेदीचे साहेब आकडेमोड करून विचारतात, "सात इंची एवढ्याला, दहा इंची तेवढ्याला. मग इंचामागे दर काय पडला?" आणि टायवाला मुलगा काच पुसत पुसत सांगतो, "सर, एक कोटी सदुसष्ट लाख रंग." तळघरात पाहायच्या गोष्टी दोनच असतात, पंप चालू आहे की बंद. त्यासाठी मला दोन रंग पुरतात, फार तर तिसरा बिघाडाचा. उरलेल्या रंगांचे पैसे परत मिळतील का, असं मी एकदा विचारलं होतं. कोणी हसलं नाही.

मी विचारतो तो मुख्य प्रश्न वेगळाच असतो: "बोट कोणाचं?" त्यावर सगळे आपापल्या बोटांकडे बघतात. घोटाळा तिथेच आहे.

मोबाइलवर असते ती काच कपॅसिटिव्ह. तिच्याखाली विद्युतक्षेत्राची बारीक जाळी असते, आणि माणसाचं बोट वीजवाहक असल्यामुळे ते टेकलं की त्या जाळीत जो फरक पडतो तो यंत्र ओळखतं. अडचण एवढीच की पाणीही वीजवाहक असतं. दुसरी जात रेझिस्टिव्ह. तिच्यात दोन पातळ थरांमध्ये बारीकशी फट असते. वरून दाबलं की थर एकमेकांना चिकटतात आणि काम होतं. दाबणारा कोण हे ती विचारत नाही. हातमोजा चालतो, पेनाचं टोपण चालतं, अण्णाचा स्क्रूड्रायव्हरही चालतो, पण मग वरच्या पापुद्र्यावर चरे पडतात. जुनं रेझिस्टिव्ह पॅनेल लांबूनच ओळखू येतं. अलार्म गप्प करण्याच्या बटणावर पांढरा डाग पडलेला असतो आणि बाकी पडदा कोरा करकरीत. ऑपरेटरचा सगळा कार्यकाळ त्या डागात वाचता येतो.

आता चेन्नईची हवा घ्या. समुद्रावरून येणाऱ्या या हवेचा दवबिंदू वर्षातले कितीतरी महिने पंचवीस अंशांच्या आसपास असतो. तिच्यात सात अंशांचा पाइप उघडा पडला, वेष्टन जरा फाटलं, की धारा लागतात. प्लांट रूममध्ये अण्णाचा हात एकतर ओला असतो किंवा ग्रीसने माखलेला, आणि सणासुदीला दोन्ही. म्हणून मी बैठकीत नमुन्याच्या पॅनेलवर पाण्याच्या बाटलीतून चार थेंब शिंपडतो. टायवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. एका नमुन्याने त्या चार थेंबांवर आपण होऊन तीन पानं उलटली आणि एक पंखा बंद केला. मालकांना ते फारच आवडलं, त्यांना वाटलं ही जास्तीची सोय आहे. चांगल्या कपॅसिटिव्ह पॅनेलात आता ओल्या हाताचा आणि हातमोज्यांचा विचार केलेला असतो हे खरं. पण ती सोय मागून घ्यावी लागते, आणि ज्याने मागायची तो बादलीपाशी.

"पण हे आयपी ६५ आहे, सर," मुलगा कळवळून सांगतो. बरोबर आहे. सहा म्हणजे धूळ आत शिरणार नाही, पाच म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल. फक्त ही ग्वाही बहुतेक पॅनेलांत पुढच्या तोंडापुरती असते, तीही पेटीत रबरी गॅस्केटसकट नीट बसवलं तर. पाठ उघडीच. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदी लोकांच्या घरात शिरली तेव्हा तिने पुढून यायचं की मागून, याचा तक्ता वाचला नव्हता. तळघरात काय ठेवावं यावर त्या महिन्यात चेन्नईचं जेवढं शिक्षण झालं तेवढं कुठल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात होत नसेल.

गच्चीवर कूलिंग टॉवरपाशी पॅनेल लावायचं तर आणखी मजा. चारशे निट्स उजेडाचा पडदा केबिनमध्ये झकास दिसतो. दुपारी एकच्या उन्हात तो निव्वळ आरसा होतो. हजार निट्सचा घेतला तर दिसतो, पण आतून तापतो, आणि बरीच पॅनेलं पन्नास अंशांपर्यंतच काम करण्याचं वचन देतात. उन्हातल्या बंद लोखंडी पेटीत पन्नास अंश म्हणजे सकाळचा नाश्ता. शेवटी वर पत्र्याचं छप्पर टाकलं जातं, ज्याचा उल्लेख निविदेत कुठेच नसतो. एका गच्चीवर साधाच पडदा बसला होता. त्यात आकडे दिसत नसत, पण ऑपरेटर मंडळींचे भांग सरळ निघत.

चित्रांबद्दल तर बोलायलाच नको. पडद्याची पार्श्वभूमी राखाडी ठेवावी आणि रंग फक्त गडबडीसाठी राखून ठेवावा, म्हणजे लाल दिसलं की लाल कळतं, असं या विषयातली जाणती मंडळी सांगतात. मालक म्हणाले, "एवढे पैसे घालून राखाडी?" त्यांना निळं पाणी वाहताना हवं होतं आणि पंखे गरगर फिरताना. फिरवले. पण बहुतेक ठिकाणी चित्रातला पंखा 'फीर' असा हुकूम सुटला की फिरायला लागतो. खरा पंखा फिरतोय का, हे विचारायला वेगळी तार ओढावी लागते, तिला पैसे पडतात, आणि खरेदीचे साहेब नेमकी तीच तार छाटतात. मग पट्टा तुटून खरा पंखा निवांत बसलेला असतो, वर चौथा मजला घामाघूम होतो, आणि पडद्यावर गरगर गरगर. अण्णा त्या चित्राकडे बघत नाही. तो एएचयूच्या पत्र्यावर पंजा ठेवतो आणि सांगतो, "सार, झोपलंय."

वास्तविक या धंद्याचा उगमच तळघरातल्या माणसापाशी आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनला वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्गात गारठा आहे की उकडतंय हे बघायला तळघरातला शिपाई सारखा दार उघडून येई, शिकवणं मोडे. १८८३ साली त्यांनी खोलीतल्या तापमानावरून तळघरात घंटा वाजवणाऱ्या उपकरणाचं पेटंट घेतलं. घंटेचा आज बझर झाला आहे. प्रत्येक प्लांट रूममध्ये त्या बझरच्या तोंडावर कापूस कोंबून वर इन्सुलेशन टेप मारलेली असते, पण हे जॉन्सनसाहेबांच्या चरित्रात कोणी लिहीत नाही.

आणि मग येते आयुधपूजा. आपल्याकडची खंडेनवमी. चेन्नईत त्या दिवशी रिक्षापासून रोटरी प्रिंटिंग यंत्रापर्यंत सगळ्यांना गंध लागतं, फाटकाशी कोहळा फुटतो, चुरमुरे-फुटाणे वाटले जातात. आमच्या एका इमारतीत आर्किटेक्टच्या पसंतीचं, चौकट नसलेलं, सुळसुळीत पॅनेल लागलं होतं. त्यावर तापमान ठरवायला आडवी सरकपट्टी होती. पूजेला मंडळी येणार म्हणून सुट्टीचं वेळापत्रक हाताने मोडून एसी चालू ठेवला होता. सगळ्यांत वडील ऑपरेटरने स्नान करून, पंप, मोटारी, चिलर यांना क्रमाने ओवाळून शेवटी पॅनेलपुढे हात जोडले आणि भस्माचे तीन आडवे पट्टे ओढले. मधलं बोट सरकपट्टीवरून गेलं. चोवीस अंशांचे सोळा झाले. पडद्याने रीतसर विचारलं: नक्की? अण्णाने पट्ट्यांच्या बरोब्बर मध्यभागी कुंकवाचा टिळा टेकवला. तिथेच 'होय' होतं.

मंडळी प्रसाद घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी विजयादशमी, तीही सुट्टी. रिकाम्या इमारतीत चिलर भक्तिभावाने धावत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी आलेल्या लोकांना इमारतीच्या काचांना बाहेरून घाम फुटलेला दिसला आणि आत रिसेप्शनवरच्या बाईंनी पडद्याचं कापड खांद्यावर घेतलं होतं. मालकांनी मला बोलावून नोंदवही उघडायला लावली. त्यात वेळ होती, जुना आकडा होता, नवा आकडा होता, पुष्टी होती. कारणाचा रकाना कोरा. तो मी भरला नाही. अण्णाला बोलावलं तेव्हा तो पडद्यावरचा वाळलेला टिळा दाखवून एवढंच म्हणाला, "सार, जुन्या पॅनेलला बटणं होती. बटणांच्या मधे जागा असायची."

पुढच्या इमारतीच्या निविदेत मी एक कलम घातलं. पडदा पुसताना स्पर्श बंद ठेवायची सोय बऱ्याच पॅनेलांत असते. तिला मी 'पूजा मोड' असं नाव दिलं आणि मुदत तीस सेकंदांवरून पंधरा मिनिटांवर नेली, कारण मंत्र तीस सेकंदांत होत नाहीत. बोलीपूर्व बैठकीत एका विक्रेत्याने लेखी विचारणा केली: सदर मोड कोणत्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अपेक्षित आहे? खरेदीच्या साहेबांनी मला न विचारता उत्तर धाडलं: नवमीच्या मुहूर्तानुसार, विलंब झाल्यास दंडाचं कलम लागू.