पुढे मामा उभे आहेत

मोटारीत बसवायचं रडार डिटेक्टर कुठलं घ्यावं, हा प्रश्न भातसानगरात आजवर कुणाला पडलेला नव्हता. इथले प्रश्न ठरलेले. शहापूरची एस.टी. गेली का, धरण किती भरलं, दरवाजे कधी उघडणार, आणि मुंबईची निम्मी तहान भागवणाऱ्या या शहापूर तालुक्यात मे महिन्यात टँकर आधी कुठल्या पाड्यावर जाणार. पण ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा खुला झाला, खुटघरला वर चढायची सोय झाली, आणि ताशी १२० चा वेग आमच्या तालुक्यात राजरोस राहायला आला. त्याआधी आमच्याकडचा सगळ्यात मोठा वेग म्हणजे श्रावणात धरणाच्या दरवाज्यातून सुटणारं पाणी. त्याला कुणी पावती फाडत नाही.

नेमका त्याच सुमारास पुतण्या न्यू जर्सीहून सुट्टीला आला आणि काकांसाठी म्हणून एक काळी डबी घेऊन आला. तळहाताएवढी. मागे दोन रबरी वाट्या, त्या जरा ओल्या करून पुढच्या काचेला चिकटवायच्या, आणि वायरीचं टोक सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायचं.

"काका, पुढे पोलिसांचं रडार असलं ना, की हे आधीच ओरडतं."

"अरे, पण मी साठाच्या वर जातो कुठे?"

"आता जाल ना!"

या तीन शब्दांत त्या यंत्राचा सगळा धंदा आला.

आता वेग मोजणं हा माझा पोटापाण्याचा विषय. पाटबंधारे खात्यात असताना कालव्याच्या पुलावरून करंट मीटर पाण्यात सोडायचा, त्याच्या पितळी वाट्यांची चक्री किती फिरली ते मोजायचं आणि वहीत आकडा लिहायचा, हे काम मी पुष्कळ केलं. पाणी फार जोरात गेलं तर कालव्याचा तळ खरवडतं, फार सावकाश गेलं तर गाळ बसतो, त्यामुळे वेगावर डोळा ठेवावाच लागतो. पण पुलावर माणूस उभा दिसला म्हणून पाण्याने कधी ब्रेक मारल्याचं मला आठवत नाही, आणि पूल मागे पडल्यावर पुन्हा पळायला लागल्याचंही नाही. ही हुशारी फक्त स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाकडे असते.

पुतण्याचा या विषयातला अभ्यास दांडगा. व्हॅलेंटाइन वन, एस्कॉर्ट, युनिडेन अशी नावं तो घराण्यांच्या गायकीबद्दल बोलावं इतक्या आदराने घेत होता. एक म्हणे लांबचं पकडतं, पण उगाच फार ओरडतं. एकाला बाण आहेत, रडार पुढे आहे की पाठीमागे तेही दाखवतं. एकाला उपग्रहावरून जागा कळते, त्यामुळे रोजच्या रस्त्यावरचे खोटे गजर ते लक्षात ठेवून पुढच्या वेळी गप्प बसतं. हा शेवटचा गुण मला फार आवडला. असा गुण असलेली माणसं आमच्या कॉलनीत हाताच्या बोटावर मोजण्याइतकी निघतील.

यामागचं तत्त्व जुनं आहे. १८४२ साली प्रागमध्ये ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन प्राध्यापकाने मांडलं की लाट सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर लाटेची कंपनं वाढलेली भासतात, दूर जात असेल तर घटलेली. १८४५ मध्ये हॉलंडात बाइज बॅलट या शास्त्रज्ञाने ते तपासायला आगगाडीवर तुतारीवाले चढवले आणि रुळांच्या कडेला पक्क्या कानाचे वादक उभे केले. आसनगावच्या फलाटावर उभं राहा. न थांबणारी मेल भोंगा देत अंगावरून गेली की त्या भोंग्याची पट्टी एकदम खाली उतरते. तुतारीवाल्यांचा खर्च न करता तोच प्रयोग दिवसभर चालू असतो. पोलिसांचं रडार भोंग्याऐवजी रेडिओलहर सोडतं आणि गाडीवर आपटून परत आलेल्या लहरीची पट्टी किती बदलली त्यावरून वेग काढतं.

मग डबीला आधी कसं कळतं? माहुलीच्या पायथ्याशी उभं राहून कड्याकडे तोंड करून हाक मारा. मध्ये झाडीत गुरं वळणाऱ्या पोराला ती हाक खणखणीत ऐकू जाते. तुमच्यापर्यंत परत येतो तो दमलेला प्रतिध्वनी. रडारला त्या दमलेल्या प्रतिध्वनीवर काम भागवावं लागतं. डबीला मात्र जाणारी ताजी हाक ऐकू येते, त्यामुळे पोलिसांच्या रडार-बंदुकीला गाडी कळायच्या आत गाडीला बंदूक कळते. आहे की नाही गंमत!

अमेरिकेत या गमतीचं पुढे महाभारत झालं. कनेक्टिकट राज्यात १९४७ च्या सुमारास पोलिसांनी रस्त्यावर रडार आणलं. साठचं दशक सरता सरता ओहायोतल्या डेल स्मिथ यांनी 'फझबस्टर' नावाचा शोधक काढला. व्हर्जिनिया राज्याने असे शोधक गाडीत लावण्यावर बंदी घातली. मग बंदी मोडणारे पकडायला पोलिसांसाठी शोधकाचा शोध लावणारं यंत्र निघालं, कारण शोधक स्वतःही बारीकशी लहर गळत असतो. त्यावर कंपन्यांनी काय करावं? पोलिसांचं ते यंत्र जवळ आलं की मालकाला सावध करणारे शोधक काढले. म्हणजे शोधकाच्या शोधकाचा शोधक. हे ऐकून आमच्या शेजारचे तात्या म्हणाले, "एवढ्या खटपटीत माणूस सावकाश चालवून घरी पोचला असता, जेवून झोपलाही असता."

रडारच्या जनकांपैकी एक, ब्रिटनचे सर रॉबर्ट वॉटसन-वॉट, १९५० च्या दशकात कॅनडात गाडी चालवताना वेगमर्यादा ओलांडली म्हणून पकडले गेले होते. पकडलं अर्थातच रडारने. त्यांनी त्यावर एक विनोदी कविताही केली. दंड भरून वर कविता करणारा माणूस मला आपल्यातला वाटतो.

तर एवढं सगळं समजावून घेतल्यावर मी पुतण्याला विचारलं, "आपल्याकडच्या मामांकडे रडार असतं असं तुला कुणी सांगितलं?" आपल्या महामार्ग पोलिसांच्या पांढऱ्या इंटरसेप्टर गाडीत जी बंदूक असते ती बहुतेक वेळा लेझरची. ती डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे झटके सोडते आणि ते परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर, आणि अंतर किती झपाट्याने घटतंय त्यावरून वेग काढते. डॉप्लरसाहेबांचा इथे संबंध नाही. रडारची लहर गावजेवणाच्या आवतणासारखी सगळीकडे पसरत नाही का, लेझरचा झोत मात्र तीनशे मीटरवरही जेमतेम मीटरभर रुंद. तो नेमका तुमच्या नंबरप्लेटवर पडतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत काम उरकतो. डबीला लेझर कळतं हे खरं. पण ती ओरडते तेव्हा वेग मोजून झालेला असतो. तिचं ओरडणं म्हणजे पावती फाटल्याची पोच.

पुतण्या जरा खट्टू झाला. मग मी त्याला मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरची व्यवस्था सांगितली. तिथे कॅमेऱ्यांच्या कमानी आहेत, आणि एका कमानीपासून दुसरीपर्यंत गाडीला किती वेळ लागला ते पाहून सरासरी वेग काढायची सोय आहे. कमानीखाली सभ्यपणे जायचं आणि मध्ये उधळायचं, हा धंदा तिथे चालत नाही. सरासरीपुढे कुठल्याही डिटेक्टरचं काही चालत नाही. वाटेत उतरून निवांत दोन वडे खाणे, हा एकच उपाय हिशेबात बसतो.

तरीही वस्तू आणली आहे तर लावून बघू म्हणून आम्ही निघालो. माझ्या गाडीत आधीच एक टोचणारी घंटी आहे. जुलै २०१९ पासून तयार झालेल्या मोटारींना ती सक्तीची झाली: ऐंशी ओलांडले की अधूनमधून पीं पीं, एकशेवीस ओलांडले की अखंड. म्हणजे एकाच डॅशबोर्डवर सरकारी घंटी सांगणार "हळू चालव" आणि परदेशी डबी सांगणार "हळू कधी चालवायचं ते मी सांगते, तोवर चालू दे."

भातसानगर ते शहापूर डबी एक अक्षर बोलली नाही. बोलणार काय? तिला जे कळतं ते त्या रस्त्यावर नव्हतं, आणि जे त्या रस्त्यावर होतं ते तिला कळत नव्हतं. पांढरे पट्टे पुसलेला गतिरोधक. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमानुसार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, सावकाश चढून सावकाश उतरणारा असायला हवा. आमच्याकडचे काही गतिरोधक गावकऱ्यांनी रागाच्या भरात रातोरात घातलेले असतात, आणि राग सेंटिमीटरमध्ये मोजत नाहीत. मग वळणावर भाताचे भारे घेऊन उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर, ज्याच्या मागच्या दिव्याच्या जागी नुसतं भोक. मग म्हशी. म्हैस ही कुठल्याही पट्ट्यात लहर सोडत नाही.

शहापूरहून महामार्गाला लागलो आणि एका मोठ्या हॉटेलासमोर डबीने जो आकांत मांडला! पुतण्याने गपकन सांगितलं, "काका, ब्रेक!" पोलिस कुठेच नाही. समोर हॉटेलाचं आपोआप उघडणारं काचेचं दार. माणूस जवळ आलेला ओळखायला असल्या दारांना २४ गिगाहर्ट्झच्या आसपासचं इवलंसं रडार बसवतात, आणि पोलिसांच्या रडारचा एक पट्टाही तोच. दोन प्रवासी आत गेले, डबी ओरडली. तिघे बाहेर आले, डबी ओरडली. आम्ही उतरून मिसळ खाल्ली, हा तेवढा त्या यंत्राचा उपयोग झाला. पुढे एक नवी कोरी महागडी मोटार शेजारून गेली तेव्हाही ती केकाटली. अशा काही गाड्यांच्या मागच्या बंपरात आता शेजारची गाडी ओळखणारं रडार असतं.

आणि मग, येताना, खरी सूचना आली. समोरून येणाऱ्या भाजीच्या टेम्पोने दोनदा डिपर मारला. त्याच्यामागच्या जीपवाल्याने मारला. तिसऱ्याने खिडकीबाहेर हात काढून पंजा खाली दाबल्यासारखा हलवला. पुतण्या म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "पुढे मामा उभे आहेत." उतार संपून रस्ता सरळ होतो तिथे, झाडाच्या सावलीत, पांढरी गाडी उभी होतीच. आम्ही पन्नासने, पुण्यवान माणसाच्या चेहऱ्याने तिच्यासमोरून गेलो. पुतण्याने डबीकडे पाहिलं. डबी गप्प.

या डिपरला अभ्यास लागतो बरं का. दोनदा झपकन म्हणजे पुढे मामा किंवा अपघात. लांबलचक एकच म्हणजे "मी येतोय, तू थांब." हाताचा पंजा उघडझाप केला की "दिवसाढवळ्या तुझे दिवे चालू आहेत, शहाण्या." आणि पौषात म्हसा गावच्या यात्रेचे दिवस असले की मुरबाडच्या बाजूने येणारा प्रत्येक जण डिपर मारतो, कारण पुढे रस्त्यावर बैलच बैल असतात. यातला कुणी आपल्या ओळखीचा नसतो. त्याला आपल्याकडून काही मिळणार नसतं. त्याची पावती टळली असेल किंवा फाटली असेल, पण दुसऱ्याची टळावी म्हणून तो दिव्याच्या दांडीला हात घालतो. माणसाला माणसाबद्दल इतका निःस्वार्थ कळवळा एरवी फार क्वचित येतो, आणि आला तरी सरकारी दंडाच्या बाबतीत जरा जास्तच येतो, हे मी कबूल करतो. मोटार वाहन कायद्याच्या १८३ व्या कलमानुसार हलक्या वाहनाला वेगासाठी एक ते दोन हजारांचा दंड आहे. एवढ्या रकमेत बंधुभाव जागा होणं स्वाभाविक आहे.

पण माझं मत विचाराल तर मामांसाठी मिळणाऱ्या डिपरपेक्षा म्हशींसाठी मिळणारा डिपर कितीतरी मोलाचा. सापगावचा पूल ओलांडून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडकडे रात्री जाऊन पाहा. त्या रस्त्यावर कॅमेऱ्याची भीती कमी आणि काळ्याकुट्ट अंधारात काळ्याकुट्ट जनावराची जास्त. तिथे सत्तरने जाणाऱ्याला पावती मिळणार नाही, पण पावतीपेक्षा वाईट गोष्टी मिळू शकतात.

पुतण्या परत जाताना ती डबी घेऊन गेला. न्यू जर्सीत साध्या मोटारीत ती लावायला कायद्याची आडकाठी नाही आणि तिथल्या पोलिसांकडे अजून रडार आहे, तेव्हा ती तिथेच शोभेल. तुम्ही घेणार असाल तर एवढंच सांगेन: तेवढ्या पैशांत पुढचे दोन टायर बदला, काचेवरचे वायपर नवे घाला आणि डाव्या बाजूचा बंद पडलेला दिवा दुरुस्त करून घ्या. आणि आमच्या बाजूला आलात आणि समोरच्याने डिपर मारला, तर वेग कमी करा. मामा नसले तरी म्हशी असतातच.