कार्बन आला रे!

जानेवारी सरत आला की चाकण, रांजणगाव, पिरंगुट भागातल्या कारखान्यांच्या गेटवर एक पोरगा दिसायला लागतो. पाठीवर सॅक, सॅकच्या कप्प्यात स्टीलची बाटली, पायांत दुसऱ्याच कुणाच्या मापाचे सेफ्टी शूज. वॉचमन विचारतो, "कुणाला भेटायचंय?"

"सस्टेनेबिलिटी."

वॉचमन रजिस्टरचं पान वरपासून खालपर्यंत बघतो. "या नावाचे साहेब आपल्याकडं नाहीत."

हा पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.चा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. नव्या शैक्षणिक धोरणामुळे त्याच्या दुसऱ्या सत्रात ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, आलं. त्याला चार श्रेयांक. श्रेयांक विद्यापीठ देतं, जॉब मात्र ज्याचा त्याने शोधायचा. मग पन्नास ठिकाणी मेल जातात, कुठूनच उत्तर येत नाही, आणि शेवटी मामांच्या ओळखीने काम होतं. वडील विचारतात, "पगार किती?" पोरगा म्हणतो, "सर्टिफिकेट देणार आहेत." वडील पेपरात तोंड घालतात.

त्याच्या डोक्यात सौर ऊर्जा असते, सह्याद्रीतले धनेश असतात, गेलाबाजार एखादी नदी तरी असते. इथे त्याला झेरॉक्स मशीनशेजारी खुर्ची मिळते आणि एक्सेलची एक शीट. शीटमध्ये रकाने सगळे आहेत, आकडा एकही नाही.

ही शीट येते कुठून, ते सांगायला हवं. सेबीने मे २०२१ मध्ये परिपत्रक काढलं आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर नावाचा अहवाल बंधनकारक केला. वीज किती, पाणी किती, कचरा किती, धूर किती, सगळं लिहायचं. आपला चाकणचा कारखाना काही शेअर बाजारात नाही. पण तो ज्या मोठ्या कंपनीला ब्रॅकेट पुरवतो ती आहे. मोठी कंपनी मालकाला विचारते, मालक मॅनेजरला विचारतो, मॅनेजर नुकत्याच आलेल्या पोराला विचारतो, आणि पोरगा स्टोअरमधल्या काकांपुढे जाऊन उभा राहतो. जगाचं तापमान किती वाढू द्यायचं यावर पॅरिसमध्ये जे ठरलं, त्याचा शेवटचा टप्पा हे काका.

"काका, जनरेटरला वर्षभरात डिझेल किती लागलं?"

"लागलं तेवढं लागलं."

"पावत्या?"

काका एक बुटाचं खोकं काढतात. पावत्या त्यातच असतात; काहींवर चहा सांडलेला, काहींवर कुणाचा तरी मोबाइल नंबर. पोरगा दोन दिवस त्या तारखेवार लावतो आणि मग काकांना कौतुकाने सांगतो, "एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो."

काका चष्मा वर करतात. "बाळा, लिटरभर डिझेल किलोभर तरी भरतं का? त्यातून पावणेतीन किलो धूर निघाला? तुमच्या कॉलेजात वजनकाटा आहे ना?"

इथे हा पोरगा मला आवडतो. तो हसत नाही, चिडतही नाही. खोक्याच्या झाकणावर पेनाने गोल काढून समजावतो, की डिझेलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, जास्तीचं वजन त्या ऑक्सिजनचं. काका नीट ऐकून घेतात आणि निकाल देतात, "म्हणजे हवा फुकटची, आणि बिल आपल्या नावावर." कारखान्याने स्वतः हवेत सोडलेल्या धुराला अहवालात स्कोप १ म्हणतात; त्याची याहून चांगली व्याख्या मी तरी ऐकलेली नाही. दुसऱ्या दिवसापासून पोराचं बारसं होतं. तो शॉपमध्ये शिरला की लेथवरचा माणूस ओरडतो, "कार्बन आला रे!"

विजेचं त्या मानाने सोपं. महावितरणची बारा बिलं जमवायची, युनिटांची बेरीज करायची. पण अहवालाला युनिट चालत नाही, ऊर्जा जूलमध्ये हवी. एका युनिटात ३.६ मेगाजूल, म्हणून दहा लाख युनिटांचे ३,६०० गिगाजूल होतात. मालक कागद बघून खूश. "गेल्या वर्षी दहा लाख होतं, यंदा छत्तीसशे? शाब्बास!" ही शाबासकी परत कशी करायची, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात दिलेलं नाही.

मेंटेनन्सवाल्या सरांशी झालेला संवाद याहून छोटा.

"सर, एसीत गॅस भरला?"

"भरला. संपला होता."

"आधीचा कुठे गेला?"

"वर."

आर-४१०ए नावाचा तो गॅस एक किलो 'वर' गेला, तर तापमानवाढीच्या हिशेबात दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. पोरगा हे सांगतो. सर चहा संपवतात.

मग येतो स्कोप ३, म्हणजे डिझेल आणि वीज सोडून उरलेलं जवळजवळ सगळं. त्याचे १५ प्रकार, आणि त्यात कर्मचाऱ्यांचं रोजचं येणं-जाणंही धरतात. एचआर मॅडम सगळ्यांना फॉर्म पाठवतात. 'वाहन कोणतं?' याला उत्तरं येतात: 'बायकोची स्कूटी', 'मिळेल ते', 'फर्स्ट शिफ्टला झोपेत'. तरीही तो चिकाटीने तक्ता करतो, आणि तक्त्यात दिसतं की बसने येणाऱ्या चाळीस जणांचा दरडोई धूर एका बाजूला, आणि बाणेरहून मोठ्या गाडीत एकटेच येणारे मालक दुसऱ्या बाजूला. तो हे प्रेझेंटेशनमध्ये रंगीत खांब काढून दाखवतो. मालकांचा खांब स्लाइडच्या बाहेर जातो. मॅनेजर म्हणतात, "छान आहे, पण हे पुढच्या वर्षी घेऊ." पुढच्या वर्षी दुसरा पोरगा असतो.

वृक्षारोपणाचं फार सांगत नाही. गेल्या तीन वर्षांची झाडं मोजून यायला त्याला पाठवतात, आणि बॅनर सापडतात.

खरी गंमत कचऱ्याची. 'कारखान्याचा कचरा कुठे जातो?' असं विचारलं की सगळे सांगतात, "जातो." धोकादायक कचऱ्याचं ठीक असतं, तो रांजणगावच्या प्रकल्पात जातो आणि त्याचे कागद असावेच लागतात. बाकीच्याचं कुणालाच माहीत नसतं. शेवटी काकाच सुचवतात, "भंगारवाल्या शेठला विचार की." शेठ खिशातून तेल लागलेली डायरी काढतात. पुठ्ठा, पत्रा, प्लास्टिकचे तीन वेगवेगळे प्रकार, ड्रम. प्रत्येकाचं वजन, तारीख, भाव, आणि पुढे तो माल कुणाला विकला तेही. सहा वर्षांचं. सल्लागार कंपन्या ज्यासाठी लाखांनी फी लावतात ते सगळं त्या डायरीत आहे, आणि वर एक रुपयाचीही चूक नाही, कारण चूक झाली तर ती शेठच्या खिशातून जाते. पोरगा तीन दुपारी गोदामात उलट्या ड्रमवर बसून उतरवून घेतो. पीपी आणि पीईटी हाताला कसं वेगळं लागतं, ते त्याला तिथे कळतं. अहवालात या माहितीचा स्रोत छापला जातो, 'कंपनीच्या अंतर्गत नोंदी'.

१२० तास भरतात. एचआर मॅडम गेल्या वर्षीच्या फाइलवरून सर्टिफिकेट काढतात, त्यामुळे त्याने 'मार्केटिंग विभागात समाधानकारक काम केलं' असं ठरतं. तो शिक्का बघतो, आभार मानतो. कॉलेजला शिक्काच हवा असतो.

हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण कारखान्याचा धूर, पाणी आणि भंगार यांचा एकत्र हिशेब त्या इमारतीत फक्त याच पोराला ठाऊक असतो, आणि तो फुकट काम करतो. ही कंजुषी आहे, हे मी स्पष्टच म्हणतो. तेव्हा येत्या जानेवारीत तुमच्याकडे असा कोणी आला तर डिझेलच्या पावत्या तारखेवार लावून ठेवा, आणि पोराला निदान बसभाडं तरी द्या.