गप्प बसलेली दाढ

दाढ कधी मंगळवारी सकाळी साडेदहाला दुखायला लागत नाही. तिला रात्र लागते, त्यातही शनिवारची असली तर उत्तम, कारण रविवारी डॉक्टरांचं शटर खाली असतं. जेवणं झालेली, ओटा आवरलेला, दूध विरजलेलं. माणूस आडवा होतो, गाल उशीला टेकतो आणि आतून पहिली सणक येते. उठून बसलं की जरा बरं वाटतं. पुन्हा आडवं झालं की पुन्हा ठणका. दिवसभर हीच दाढ मुकाट्याने पोळी चावत होती, त्यामुळे घरच्यांना हा सगळा प्रकार संशयास्पद वाटतो. पण त्यात नाटक नसतं. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, आणि दाढेच्या पोटात जे सुजलेलं असतं त्याला तेवढा जोरही पुरतो.

दाढेलाही पोट असतं हे आपल्याला अशाच रात्री कळतं. बाहेरून एनॅमल, म्हणजे सबंध शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडाहूनही कठीण. त्याच्या आत डेंटिन. आणि अगदी मध्ये एक इवलीशी पोकळी, जिच्यात नसा आणि रक्तवाहिन्या असलेला मऊ गर असतो. डॉक्टर त्याला पल्प म्हणतात. शरीरात दुसरीकडे बहुतेक ठिकाणी सूज आली तर तिला फुगायला जागा असते. बोट फुगतं, घोटा फुगतो, चारचौघांना दाखवता येतो, सहानुभूती मिळते. पल्पला मात्र चारी बाजूंनी भिंती. कीड आतवर पोहोचली, पल्प सुजला, की शिटी नसलेला कुकर गॅसवर ठेवल्यासारखी अवस्था होते. बाहेरून बघावं तर काही नाही.

आमच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. रोजच्या हिशेबात रुपया चुकला तर रात्री नऊपर्यंत बसून तो शोधून काढणारे. त्यांच्याबरोबर सोबतीला म्हणून मी दवाखान्यात गेलो होतो. काकांच्या हातात बर्फाच्या पाण्याची बाटली. दर दोन मिनिटांनी एक घोट घ्यायचा, डाव्या गालात धरायचा, डोळे मिटायचे, गिळायचा, की पुन्हा बूच उघडायचं. समोरच्या फिशटँकमधले मासे आणि काका साधारण एकाच गतीने तोंड हलवत होते.

“काका, नक्की कुठली दुखतेय? बोट ठेवून दाखवा,” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काकांनी खालच्या शेवटच्या दाढेवर बोट ठेवलं. मग तिच्या अलीकडच्या. मग जरा विचार करून वरच्या. आयुष्यभर अचूक ताळेबंद जमवलेल्या माणसाला स्वतःची दाढ सापडेना. शेवटी म्हणाले, “बाजू मात्र डावीच. त्याबद्दल शंका नको.”

यात काकांचा दोष नव्हता. पल्पमधल्या नसांना दुखणं तेवढं कळतं, पत्ता सांगता येत नाही. वरच्या आणि खालच्या दातांच्या तारा मेंदूकडे जाताना एकत्र येतात, त्यामुळे वरची दुखते की खालची, यात भलेभले फसतात. डावं-उजवं मात्र चुकत नाही. म्हणून डॉक्टर रुग्णाच्या बोटावर विसंबत नाहीत. आरशाच्या दांड्याने एकेक दात ठोकतात, गार फवारलेला कापूस लावून बघतात, एक्स-रे काढतात. काकांच्या बाबतीत अर्धं निदान त्या बाटलीनेच केलं होतं. गरम चहा लागला की कळ मस्तकात जाते आणि गार पाणी धरलं की थांबते, ही पल्प वाचवण्याची वेळ टळल्याची खूण.

आइस्क्रीमची कळ आली आणि घोट गिळेपर्यंत गेली, तर घाबरायचं कारण नाही. दात संवेदनशील झाला असेल, छोटी कीड असेल. सिमेंट भरून काम भागतं. तीच कळ घोट संपल्यावरही मिनिट-मिनिट रेंगाळायला लागली, गरमाने उठायला लागली, किंवा काहीही न खाता-पिता रात्री आपण होऊन जागं करायला लागली, की प्रकरण सिमेंटच्या पलीकडे गेलं म्हणून समजावं. उलट, दाढ दुखतेय म्हणजे रूट कॅनालच, असंही नाही. सर्दीने सायनस भरले की वरच्या दाढा ओळीने ठणकतात, आणि त्यांची एका पैचीही चूक नसते. आणि छातीवर दडपण, घाम आणि जोडीला जबडा दुखणं असं असेल तर दाताच्या डॉक्टरांचा विचारही करू नये, थेट हॉस्पिटल गाठावं. हृदयाचं दुखणं कधीकधी जबड्यात बोलतं.

“रूट कॅनाल करावं लागेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि “घरी विचारून सांगतो” म्हणाले. पस्तीस वर्षं लोकांची कर्जं मंजूर-नामंजूर केलेला हा गृहस्थ दाढेसाठी घरी विचारणार होता.

घरी विचारणं म्हणजे काय ते सांगायला नकोच. काकूंनी लवंगेचं तेल काढलं. लवंगेला मी नावं ठेवणार नाही; तिच्यातलं युजेनॉल खरोखरच बधिर करतं, आणि दंतवैद्यही ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून वर्षानुवर्षं दातात भरत आले आहेत. पण लवंग दुखण्याला गप्प करते, किडीला नाही. खालच्या मजल्यावरून मिठाच्या गुळण्या आल्या. गावाकडून फोनवर मशेरी आली, तिला तोंडाच्या कॅन्सरच्या भीतीने हाकललं. कोणी वेदनाशामक गोळी गिळण्याऐवजी दाढेशी दाबून धरायला सांगितली; ॲस्पिरिनची गोळी अशी धरली तर हिरडी भाजून पांढरी पडते, आणि मग दोन दुखणी होतात. एका आजींना रिंगणीच्या बियांची धुरी आठवली. पूर्वी ती धुरी घेतली की दातातले किडे पाण्यात पडलेले दिसत म्हणे. युरोपातही हेच चालायचं, तिकडे खुरासनी ओव्याच्या बिया जाळत, आणि पाण्यात दिसणारे किडे म्हणजे त्या बियांतूनच फुटलेले कोंब असत. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने 1728 साली लिहून ठेवलं की, भिंग लावून शोधलं, किडा काही सापडला नाही. आपल्याकडे दात अजूनही ‘किडतो’च, त्यामागे किडा नसून जिवाणूंनी साखरेचं केलेलं आम्ल असतं, एवढाच फरक.

शेवटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. आणि चमत्कार झाला. आठवड्याभरात दाढ दुखायची थांबली. काकांनी जिन्यात मला थांबवून सांगितलं, “बघा, उगाच पैसे घालवणार होतो.” काकू श्रेय लवंगेला देत होत्या, काका गोळ्यांना. दाढ बिचारी वारली होती.

सबंध दंतशास्त्रात मला सगळ्यात धूर्त वाटते ती हीच जागा. सुजलेला पल्प कोंडून कोंडून मरतो. नसा मेल्या, मग कळ कोण कळवणार? गार लागत नाही, गरम लागत नाही, माणूस खुशीत. पण मेलेल्या पल्पमध्ये जिवाणूंची चंगळ असते, आणि तिथे रक्त पोहोचत नाही म्हणून गोळ्यांचं औषधही पोहोचत नाही. हे जिवाणू सावकाश मुळाच्या टोकातून बाहेर पडतात आणि जबड्याच्या हाडात जागा करतात. एक्स-रेमध्ये मुळाशी काळसर गोल सावली दिसते ती हीच. हे कित्येक महिने चालतं आणि माणूस शेंगदाणे खात असतो.

मग एके दिवशी ती दाढ उंच झाल्यासारखी वाटते. चावलं की खटकते, आणि आता मात्र बोट बरोबर तिच्यावरच पडतं, कारण दुखणं दाताभोवतीच्या धाग्यांत आलेलं असतं आणि त्या धाग्यांना पत्ता ठाऊक असतो. किंवा हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, खारट चव लागते, पुन्हा येते. ती दुखत नाही म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. लहानपणी क्रिकेटचा चेंडू लागलेला पुढचा दात वर्षांनंतर काळपट पडतो, तोही याच जातीचा. हे सगळं दवाखान्याची पायरी चढायला पुरेसं आहे. गालफड सुजून ताप भरला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर पायरीबियरी सोडून त्याच दिवशी, रविवार असला तरी, हॉस्पिटल गाठावं. ती सूज गळ्याकडे उतरते.

काकांना पुटकुळी आली. या वेळी घरी विचारलं नाही.

रूट कॅनाल या दोन शब्दांची आपल्याकडे जी दहशत आहे ती मला जरा अन्यायाची वाटते. लोक ज्या कळांचं वर्णन करतात त्या बहुतेक खुर्चीत बसण्याआधीच्या असतात. नाव मात्र डॉक्टरांचं खराब होतं. भूल देऊन काम केलं तर ते कंटाळवाणं असतं, भयंकर नसतं. एक खरी अडचण आहे. ठणका ऐन भरात असताना, विशेषतः खालच्या दाढेत, भूल नीट चढत नाही, जादा इंजेक्शन लागतं. म्हणजे दुखेल या भीतीने जो थांबतो, त्यालाच जास्त दुखण्याची शक्यता. व्हॉट्सॲपवर अधूनमधून येतं की रूट कॅनालने अंगभर रोग पसरतात. ही शंभर वर्षांपूर्वीची शिळी कढी आहे. 1910 साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलमध्ये भाषण ठोकलं, त्यानंतर कित्येक वर्षं संधिवातापासून वेडापर्यंत सगळ्यावर उपाय म्हणून धडधाकट दात उपटले गेले. रोग होते तिथेच राहिले, लोक बोळके झाले.

काका खुर्चीत बसले. दाढेभोवती रबराचा निळा पडदा ताणून बसवला, म्हणजे थुंकी दाढेत जाऊ नये आणि बारीक अवजार घशात जाऊ नये. 1864 साली न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी काढलेली ही युक्ती अजून तशीच चालते. पडद्याचा आणखी एक फायदा, पेशंटला बोलता येत नाही. शेजारी स्पंजात फाइली खोचलेल्या: पांढऱ्या, पिवळ्या, लाल, निळ्या, हिरव्या, काळ्या मुठींच्या. रंग शोभेचे नाहीत, जाडीचे आहेत. लाल मुठीच्या फाइलीचं टोक पाव मिलिमीटर. प्रत्येकीवर रबराची एक चकती, ती सरकवून लांबी ठरवायची. फाइल मुळाच्या टोकाशी पोहोचली की यंत्र टीं टीं करतं. पुढच्या दाताला बहुधा एकच नळी. खालच्या दाढेला तीन, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेतली चौथी नळी तर इतकी लपलेली असते की तिच्यासाठी डॉक्टर मायक्रोस्कोप लावून बसतात. मधूनमधून जलतरण तलावासारखा वास येतो, तो जिवाणू मारायला वापरतात त्या हायपोक्लोराइटचा. मी बाहेरच्या बाकावर होतो, तिथपर्यंत येत होता. पाऊण तासाने दार उघडलं तेव्हा काका घोरत होते.

साफ केलेल्या नळ्यांमध्ये जो गुलाबी चिवट पदार्थ भरतात, त्याची मला विशेष गंमत वाटते. गटापर्चा. मलायातल्या एका झाडाचा चीक. 1867 साली अमेरिकेत बोमन यांनी तो दातात भरायला सुरुवात केली, आणि 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबईहून एडनकडे समुद्राखालची तारेची केबल टाकली, तिच्यावर पाणी लागू नये म्हणून हाच चीक गुंडाळलेला होता. विलायतेच्या तारा ज्याच्या आतून आल्या त्याच चिकाने आमच्या काकांची दाढ बंद झाली. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग एवढं महाग का?”

महाग आहे खरं. मुंबईत नायरच्या दंत महाविद्यालयात किंवा सेंट जॉर्जच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात हेच काम पुष्कळ कमी पैशांत होतं. शिकणारे डॉक्टर करतात, वर शिक्षकांची नजर असते, फक्त रांगेची आणि फेऱ्यांची तयारी ठेवावी लागते. आणि दाढ उपटणं स्वस्त असतं हा हिशेब पहिल्या दिवशीच जुळतो. पुढे तिथे ब्रिज किंवा इम्प्लांट बसवायची वेळ आली की काकांसारख्या बँकवाल्यालाही व्याजाचा दर चढा वाटतो. अक्कलदाढेची गोष्ट वेगळी, तिच्यासाठी बहुतेक वेळा एवढा खटाटोप करू नये, असं माझं मत आहे.

“काका, महिन्याच्या आत कॅप बसवून घ्या,” डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं. किडीने आणि खोदकामाने पोखरलेली दाढ चावण्याचा जोर सोसत नाही, उभी तडकते. म्हणून वरून टोपण लागतं. काका हो म्हणाले. पण दुखत तर काहीच नव्हतं. दिवाळी झाली, भाचीचं लग्न झालं, कॅप राहिलीच. लोणावळ्याहून कोणी तरी चिक्की आणली. काकांनी डाव्या बाजूने चावली आणि दाढेचे मुळापर्यंत दोन तुकडे झाले. एवढा आवाज झाला की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. दुखलं अजिबात नाही. ती मात्र काढावीच लागली.

हल्ली सोसायटीत कोणाची दाढ दुखायला लागली की काका स्वतःहून भेटायला जातात, चहा घेतात आणि सांगतात, “रूट कॅनालच्या भानगडीत पडू नका. मी केलं होतं. टिकत नाही.”